ओल्या दोराचा हार

देवीच्या गळ्याचं माप मला अजून तोंडपाठ आहे. साडेतीन हात आणि वर चार बोटं. नातवंडांची नावं माझ्या तोंडी उलटसुलट येतात, सकाळची गोळी घेतली की नाही तेही आठवत नाही, पण हे माप काही जात नाही. सुना विचारतात, आई, तुम्ही देवळात का येत नाही? मी सांगते, गुडघे दुखतात. गुडघे दुखतात हे खोटं नाही. पण ते कारणही नाही, आणि या वयात आणखी किती दिवस गुडघ्यांच्या आड लपायचं?

माझं माहेर अकोल्याकडचं. आम्ही जातीनं माळीच, पण आमच्याकडे कापूस आणि तूर. फुलाचं काम मी कधी केलं नव्हतं. लग्न होऊन आले ती बडनेऱ्याच्या पलीकडच्या एका गावात, फुलांच्या मळ्यात. राज्य इंग्रजाचं, वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले, पण आमच्या घरचा कारभार सासूच्या कमरेच्या किल्ल्यांवर चालायचा. झेंडू, शेवंती, गुलछडी गाडीत घालून सासरे रोज अमरावतीच्या बाजारात जायचे. आणि गावच्या देवीचा हार आमच्या घरून. किती पिढ्यांपासून ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचा मान फार.

फुलं तोडायला एक बाई यायची. महारवाड्यातली, चाळिशीची, काटक, डावखुरी, आणि जिभेनं तिखट. सासूनं तिला नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. "ए व", एवढंच. मी ती एकटी असली की तिला मावशी म्हणायची आणि सासू जवळ असली की मीही "ए व" म्हणायची. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझी कीव करायला नको.

तिच्या हातची फुलं देवीला कशी चालत? तर त्याचाही आमच्या घरात नेम होता. कोरड्या वस्तूला विटाळ लागत नाही, ओल्या वस्तूला लागतो. म्हणून बाजारची फुलं ती पहाटे दवातच तोडायची, पण देवीची फुलं दव उडाल्याशिवाय तोडायची नाहीत. नागपूरची गाडी शिट्टी देऊन गेली की दव उडालं असं समजायचं, मग तिनं देवीच्या वाफ्याकडे वळायचं. टोपली बांधावर ठेवून ती बाजूला व्हायची. सासू फुलांवर पाणी शिंपडून टोपली घरात न्यायची. पुढचं सगळं काम ओलं. केळीच्या खुंटाची वाळलेली सालपटं पाण्यात भिजवायची, नखानं चिरून त्यांचे दोर काढायचे आणि त्या ओल्या दोरानं फूल न् फूल बांधत जायचं. त्या कामाला तिचा हात लागून चालणार नव्हतं.

आल्याच्या पंधरवड्यात मी सासूला विचारलं, "आत्याबाई, उन्हात तोडते ते. हाताले घाम तर येतच असन ना? घाम ओला नसते काय?"

सासूनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. "अकोल्याची जीभ अकोल्याले ठेवून यायची," एवढं मात्र ती म्हणाली.

आता त्या घरचा रिवाज सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. नव्या सुनेनं पहिल्या नवरात्रात अष्टमीचा हार करायचा. उपाशी राहून, मळ्यातल्या गवती छपराच्या खोपडीत एकटीनं बसून. कोणी बघायचं नाही, कोणी मदत करायची नाही. तो हार अष्टमीपासून दसऱ्यापर्यंत देवीच्या गळ्यात राहायचा. टिकला तर सून देवीनं पदरात घेतली. तुटला तर नाही घेतली. माझ्या मोठ्या जावेचा हार नवमीलाच तुटला होता. ती दिवाळीला माहेरी गेली ती तिकडेच राहिली, आणायला कोणी गेलंच नाही. तिचं लुगडं अजून आतल्या खोलीत वलणीवर होतं. मी रोज झाडायला जायची तेव्हा ते माझ्या डोक्याला लागायचं.

आणि मला हार करता येत नव्हता! कापूस वेचायला सांगा, तुरी झोडायला सांगा. दोर ओढला की माझं फूल तुटायचं, सैल सोडला की घरंगळायचं. सासू शिकवायची, पण तिची बोटं इतक्या झपाट्यानं चालत की मला फक्त वारा दिसायचा. "बोटं हायेत का मुसळं?" असं म्हणून ती उठून जायची.

एकदा मी लिंबाच्या झुडपांशी बसून रडत होते. पलीकडून हसण्याचा आवाज आला. फुलं तोडणारी मावशी.

"रडून दोर ओला करून राहिली काय व बाई?" ती म्हणाली. "पानी हाय ना भांड्यात."

मला संताप आला. "तुले येते काय? मोठी सांगनारी!"

"येते त काय," ती म्हणाली. तिनं बांधावरचं वाळलं गवत उपटलं, चार रानफुलं घेतली आणि झुडपाच्या पलीकडूनच मला दाखवायला लागली. दोराचे दोन येढे म्हणजे वेढे, मग पोटातून दोर, मग अंगठ्यानं दाब. तिची आई करायची म्हणे त्यांच्या मरीमायसाठी. "आमची उघड्यावर बसते निंबाखाली. तुमची कुलपात. पन गळा तं दोघीलेबी हाय."

महिनाभर ती मला शिकवत होती. ती पलीकडे, मी अलीकडे, मध्ये काटे. ती डावखुरी असल्यानं तिचे येढे उलटे पडायचे आणि मला ते मनात फिरवून सुलटे करावे लागायचे. हळूहळू माझी बोटं वळायला लागली. त्या महिन्यात तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

"देवी कशी दिसते व?" तिनं विचारलं. "मी जलमात पाह्यली नाई. वेशीबाहेरून कळस दिसते, बस."

मी सांगितलं. शेंदराची, एवढी उंच, चांदीचे डोळे.

"डोये खाली हायेत का समोर?"

"समोर. सरळ पाह्यते."

"सरळ पाह्यते म्हन्जे दारातून वेशीपावतो दिसत असन तिले," ती म्हणाली. "मंग मी दिसत असन." आणि इतकी खूश झाली की त्या दिवशी दोन टोपल्या जास्त तोडल्या. मला हसू आलं होतं तेव्हा. काय बाई खुळी, असं वाटलं होतं.

पाचव्या माळेला माझ्या उजव्या अंगठ्याला नखुरडं झालं. अंगठा टम्म सुजला, रात्रंदिवस ठणका. सासू म्हणाली, बहाणे नको. सासरे म्हणाले, देवी पार पाडेल. नवरा बैलांना पाणी दाखवायला निघून गेला.

अष्टमीच्या सकाळी मी खोपडीत बसले. समोर फुलांचा ढीग, भांड्यात भिजलेली सालपटं, खिळ्याला देवीच्या गळ्याच्या मापाचा दोरा. दोन वीत हार झाला आणि अंगठा फुटल्यासारखं झालं. तिसऱ्या वितीला दोर सैल पडून सगळं सुटलं. मला ते वलणीवरचं लुगडं दिसायला लागलं. माहेरी परत गेले तर बाप काही बोलणार नाही, पण आई मरेल, एवढंच डोक्यात.

ती देवीच्या वाफ्यात होती. मी तिला हाक मारली. "मावशी, तू कर."

ती दाराशी आली नि थबकली. "ओलं हाय ना बाई."

"कोन पाह्यते इथं?"

"थे पाह्यते ना," ती देवळाच्या दिशेनं बोट दाखवून म्हणाली. माणसांची भीती नव्हती तिला, हे मला पक्कं आठवतं. ती घाबरत होती ती देवीला. मीही देवीलाच घाबरत होते. एकाच देवीला घाबरणाऱ्या दोघी बाया, एक आत, एक उंबऱ्याबाहेर.

मग मी जे बोलले ते मला कुठून सुचलं देव जाणे. म्हटलं, "तिले तुया हात चालत नसन, तर हार तुटन. तुटला तर मी जाईन माहेरी. तुटला नाही, तर समजून घे तिले चालते."

तिनं बराच वेळ भांड्यातल्या पाण्याकडे पाहिलं. मग पाटाच्या पाण्यात कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, आत येऊन बसली आणि ओला दोर उचलला. त्या छपराखाली ती पहिल्यांदाच बसली होती. मी शेवंती देत होते, ती बांधत होती, तोंडानं पुटपुटत होती. इतका घट्ट आणि इतका गोल हार मी नंतर आयुष्यभर हजारो हार करूनही कधी केला नाही. शेवटची गाठ मारून तिनं तो मापाच्या दोऱ्याला लावला. एका बोटाचाही फरक नव्हता.

उठताना म्हणाली, "एक काम करजो बाई. हार घालतीन तवा मनातल्या मनात सांगजो तिले. माया हातचा हाय म्हनून."

"सांगीन," मी म्हणाले. "तिची आन."

देवळात हार निघाला तेव्हा बाया "अगं माय!" करायला लागल्या. पुजारी म्हणाला, अशी सून मिळायला नशीब लागतं. सासूनं चारचौघींत माझ्या पाठीवर हात ठेवला, आल्यापासून पहिल्यांदा. मला देवीच्या अगदी समोर उभं केलं. चांदीचे डोळे सरळ माझ्यावर.

सांगायचं होतं तेवढंच. मनातल्या मनात, ओठही हलवायचे नव्हते. आणि माझी हिंमत झाली नाही. वाटलं, आत्ता हिला कळलं आणि हिनं रागानं हार तोडला तर? मी मनाचं दार लावून घेतलं. मला पोरगा दे, असं घाईघाईनं मागितलं आणि मागे सरकले. तेव्हाची माझी समजूत तरी काय होती बघा. देवी सगळं जाणते म्हणायचं, आणि मी सांगितलं नाही तर तिला कळणार नाही असंही धरून चालायचं. अशा देवीला मी हात जोडत होते. ती माझ्या सासूइतकीच होती, जास्त नाही.

हार टिकला. नवमी गेली, दसरा गेला, एक पाकळी ढळली नाही.

दसऱ्यानंतर हार घरी आणून विहिरीत सोडायचा असे. सासू तो कौतुकानं हातात फिरवत विहिरीवर गेली आणि शेवटच्या गाठीशी तिची बोटं थांबली. चाळीस वर्षं हार केलेली बाई ती. "हे गाठ डाव्या हाताची हाय," ती म्हणाली. गाठ माझ्याकडे धरून म्हणाली, "तू डावखुरी कधीपासून?"

सासरे आले, नवरा आला. मावशी वाफ्यात होती, तिला बांधावर बोलावून उभं केलं. सासऱ्यांनी विचारलं, ओल्या दोराला कोणाचा हात लागला?

मी म्हणाले, "मी पाणी प्यायला गेले होते. मागं कोन आलं मले ठाऊक नाही."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "काहून खोटं बोलतं व बाई?" ती म्हणाली. मालकाकडे वळून सरळ सांगितलं, "यायनंच बलावलं मले. अंगठा सुजला व्हता. मी नाई म्हनत व्हती."

माझे सासरे न्यायाचा माणूस. म्हणाले, दोघींनीही देवीचं कुंकू हातात घेऊन शपथ घ्या. तशी सासू ओरडली, "तिच्या हातात कुंकू देता काय? डोकं ठिकानावर हाय का?" सासरे चपापले. म्हणाले, बरं, मग सूनच घेईल.

मावशी हसली. हसणं ऐकवत नव्हतं. "बरोबर हाय," ती म्हणाली. "माया हातचा हार चालत नाई, मंग माई आन कशी चालन? घे बाई, तू घे. तुई चालते."

मी घेतली. कुंकू मुठीत धरलं आणि देवीच्या नावानं खोटं बोलले.

त्या दिवसापासून ती मळ्यात आली नाही. तिला येऊ नको म्हटलं, आणि वस्तीतल्या दुसऱ्या बाईला बोलावलं. माझा हार टिकला तो टिकलाच असं घरात ठरलं, कारण नाही म्हणायचं तर गावाला कारण सांगावं लागलं असतं. देवळात कोणी कळवलं नाही. सासूनं घरात गोमूत्र शिंपडलं आणि सगळ्यांना बजावलं, तोंड उघडायचं नाही. देवीच्या गळ्यात तीन दिवस तो हार होता, देवीला काही झालं नाही, गावाला काही झालं नाही, आणि तरी बाईचं काम मात्र गेलं. मी जिभेला फोड येईल म्हणून वाट बघत होते. रोज आरशात जीभ बघायची. काही झालं नाही. पुढच्या वर्षी मुलगा झाला. सगळे म्हणाले, देवी पावली. मला त्या पोराच्या बारशाला हसता येईना, आणि सासू म्हणाली, ओली बाळंतीण आहे, दृष्ट लागली असेल.

पोरगा दीड-दोन वर्षांचा होता तेव्हा आम्ही कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो. सासू देवळात रांगेत होती. पोर रडायला लागलं म्हणून मी त्याला कडेवर घेऊन वर्धेच्या काठाकाठानं चालत गेले. जत्रेच्या कडेला, दुकानं संपली तिथे, एका बाभळीखाली ती बसली होती. पुढ्यात पाण्याची घमेली आणि हार. तिच्या जातीतलीच माणसं ते घेत होती.

पाय मागे वळत होते. तरी गेले. म्हटलं, "मावशी, वळखलं काय?"

ती माझ्याकडे नाही, माझ्या दुसऱ्या हातातल्या हाराकडे बघत होती. देवासाठी मीच केलेला. "गाठ सुलटी केली," ती म्हणाली, "पन येढे मायेच हायेत."

मग पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिनं आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला आणि विचारलं, "सांगतलं व्हतं काय तिले?"

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. कुंकवाची शपथ, गेलेलं काम, यातलं तिनं काही विचारलं नाही. एवढी वर्षं ती हेच घेऊन बसली होती.

"हो," मी म्हणाले. "सांगतलं."

"मंग? काय म्हनली?"

तोंडावर इतकी आस! माझ्या पोराच्या तोंडावर खाऊ दिसला की असायची तशी. "म्हनली," मी सांगितलं, "लय छान झाला. असा हार कोनी घातला नव्हता मले."

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते, हसत होती की रडत होती मला कळलं नाही. "मले मालूम व्हतं," ती म्हणाली. "सरळ पाह्यते ना थे. वेशीपावतो."

मी तिथे उभी. देवीच्या नावानं दुसऱ्यांदा खोटं बोललेली. मला तेव्हा ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, तुझ्या हाताची किंमत त्या दगडाला का विचारतेस, मला का विचारतेस, मी कोण? पण खरं सांगितलं असतं तर तिच्याजवळ तेवढंही उरलं नसतं. आणि माफी मागायची तर आधी खरं सांगावं लागलं असतं. मी पोराला कडेवर वर सरकवलं.

तिनं डोळे पुसले आणि घमेल्यातून एक छोटा हार काढला. शेवंतीचा, पाणी ठिबकत होतं. "घे," ती म्हणाली, "लेकराच्या गयात घाल. त्याले दिला मी."

मी हात पुढे केला. आणि हार हातात घ्यायच्या आधी मी मागे वळून बघितलं, कोणी पाहतंय का.

एवढंच केलं मी. मान वळवली आणि परत आणली. एका श्वासाचा वेळ.

तिनं ते पाहिलं. पुढे केलेला हात तिनं आखडता घेतला, रागानं नाही, सवयीनं, आणि हार माझ्या पायाजवळच्या दगडावर ठेवून ती पुन्हा खाली बसली.

"घे बाई उचलून," ती म्हणाली. "सुकला की घे."